कॅमेऱ्याचा दोष लिनक्सच्या माथी

पडदा काळा दिसला की निकाल तयार असतो. ‘लिनक्समध्ये कॅमेरा चालत नाही.’ नागभीडच्या दुकानात विचारा, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात विचारा, वडशाच्या सेवा केंद्रात विचारा. वाक्य तेच, आवाजातली खात्रीही तीच. तपास कुणी केला?

कुणीच नाही.

हा विषय आत्ताच काढायचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आता जिल्हा परिषदेच्या शाळेतला, ग्रामपंचायतीतला, घरच्या टेबलावरचा संगणक डोळ्यांपुढे आणा. कालपर्यंत धडधाकट होता. एका तारखेनं तो भंगारात जमा झाला, आणि त्याचा एक स्क्रूसुद्धा ढिला झालेला नव्हता.

मग गावातलं एखादं खटपटं पोरगं त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकतं. यंत्र पुन्हा पळायला लागतं. मराठी नीट दिसते, टायपिंग होतं, प्रिंटसुद्धा निघते. आठवड्यानं कुणाची तरी ऑनलाइन मुलाखत येते, कॅमेरा लावतात, पडदा काळा. संध्याकाळी दुकानदार सांगतो, ‘भाऊ, फॉरमॅट मारून देतो.’ रात्री त्याच यंत्रावर चोरीचं विंडोज बसलेलं असतं.

चांगल्या यंत्राची ही शिक्षा, आणि तीही सुनावणीशिवाय.

पुण्या-मुंबईत कॅमेरा रुसला तर माणूस रिक्षा करून समोर जाऊन बसतो. नागभीडचा माणूस काय करणार? नागपूर शंभरेक किलोमीटर. नॅरोगेजची छोटी गाडी २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी थांबवली. मुलाखत असो, ई-संजीवनीवरचा डॉक्टर असो, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं १ जुलै २०२४ पासून मोकळी करून दिलेली दृक्‌श्राव्य साक्ष असो, पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या माणसासाठी कॅमेरा चालणं म्हणजे एक दिवसाची मजुरी वाचणं. शहरात जी सोय आहे ती इथं गरज आहे.

म्हणून आधी तपास.

टर्मिनल उघडा आणि एलएसयूएसबी (lsusb) ही आज्ञा द्या. यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी येते. यादीत कॅमेरा नाहीच? मग ड्रायव्हरची चर्चा बंद करा. अपवाद फक्त काही नव्या लॅपटॉपांचा, तो पुढे येतोच. कॅमेऱ्यावरची सरकपट्टी बघा, कळफलकावरचं कॅमेरा बंद करायचं बटण बघा, बायोसमध्ये कुणी तो बंद करून ठेवलाय का बघा. मागच्या दुरुस्तीत पडद्याची वायर नीट बसवली नसेल तेही बघा. जो यंत्रालाच दिसत नाही, तो लिनक्सला कुठून दिसणार?

यादीत असेल तर नावाशेजारी चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक दिसतील. ०४६डी म्हणजे लॉजिटेक, ०८२५ म्हणजे तिचा सी२७०. हे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. बिननावाच्या स्वस्त कॅमेऱ्याच्या खोक्यावर वीस मेगापिक्सेल छापलेले असतात आणि आत ६४० बाय ४८० चा सेन्सर निघतो. मदत मागताना लोक खोक्यावरचं नाव सांगतात. खोकं खोटं बोलतं, क्रमांक बोलत नाही.

पुढची फसगत तर रोजची. एकच कॅमेरा लावला तरी डेव्ह फोल्डरात व्हिडिओ० आणि व्हिडिओ१ अशा दोन फायली दिसतात. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याच्या २०१८ च्या ४.१६ आवृत्तीपासून दुसऱ्या फायलीतून चित्र येत नाही, चित्राबद्दलची माहिती येते. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ही दुसरी निवडली की पडदा काळा. यादीतली वरची ओळ निवडायची होती, खालची निवडली. एवढ्यावर फॉरमॅट?

‘चीज’ किंवा ‘गुव्हीसीव्ह्यू’ नावाचा साधा प्रोग्रॅम उघडून बघा. तिथं चेहरा दिसला म्हणजे ड्रायव्हर ठणठणीत आहे. मग दोष ब्राउझरचा. परवानगी विचारणारी चौकट घाईत कुणीतरी ‘ब्लॉक’ केलेली असते. किंवा ब्राउझर स्नॅपमधून नाहीतर फ्लॅटपॅकमधून आलाय आणि त्याला कॅमेऱ्याची मुभाच दिलेली नाही. किंवा मागे दुसरा प्रोग्रॅम कॅमेरा धरून बसलाय. अशा वेळी ड्रायव्हर शोधत फिरणं म्हणजे नळ बंद ठेवून विहिरीला शिव्या घालणं.

आणि तो प्रसिद्ध संदेश. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.’ लोक डिस्कवरचे लग्नाचे फोटो पुसायला बसतात! डिस्कचा इथं काही संबंध नाही. एकाच यूएसबी हबवर दोन कॅमेरे लावले, दोघांनी वाहतुकीची सगळी वाट मागितली, ती पुरली नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक कॅमेरा यंत्राच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, नाहीतर चित्राचा आकार कमी करा. लग्नाचे फोटो राहू द्या.

चेहरा उलटा दिसतोय? त्याचं कारण ऐकून चीड यायला हवी. काही लॅपटॉपांत, त्यात असूसचे बरेच, कंपनीनंच कॅमेरा उलटा बसवला आणि आपल्या विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये चित्र सरळ करून घेतलं. बाहेर कुणाला सांगितलं नाही. हान्स दे खुदे या डच प्रोग्रॅमरनं २००८ मध्ये लिबव्हीफोरएल लिहिलं, त्यात अशा लॅपटॉपांची यादीच ठेवलेली आहे. कॅमेरा उलटा बसवला एकानं, यादी सांभाळतो दुसरा, आणि बदनामी तिसऱ्याची.

इथं मुळाशी येतो. ड्रायव्हर लिहायला कॅमेऱ्यातल्या चिपची माहिती लागते. कुठल्या जागी कुठला आकडा लिहिला की चित्र सुरू होतं, चित्र कसं दाबून पाठवलेलं असतं, ते उघडायचं कसं. ही माहिती कंपनीकडे असते. तिनं ती दिली तर ड्रायव्हर कुणीही चांगला प्रोग्रॅमर लिहितो. तिनं दिली नाही तर?

तर फ्रान्समधला एक डॉक्टर लिहितो.

मिशेल झार. पेशानं वैद्यकीय डॉक्टर, प्रोग्रॅमिंग फावल्या वेळातलं. त्यांनी जीएसपीसीए हा ड्रायव्हर उभा केला आणि दोनशेहून जास्त प्रकारचे वेबकॅम लिनक्सवर चालते केले. पुढे जाँ-फ्रान्स्वा मोइन यांनी त्याची नव्यानं मांडणी केली आणि २००८ मध्ये २.६.२७ कर्नेलात तो सामील झाला. दोनशे कॅमेरे विकणाऱ्यांकडे इंजिनिअर होते, पगार होते, कागद होते. काम डॉक्टरनं केलं.

फिलिप्सच्या कॅमेऱ्यांची गोष्ट याहून बोचरी आहे. ‘नेमोसॉफ्ट’ या नावानं काम करणाऱ्या प्रोग्रॅमरनं त्यांचा पीडब्ल्यूसी ड्रायव्हर लिहिला होता. अर्धा भाग उघडा, अर्धा बंद. कारण चित्र उलगडायची रीत गुप्त ठेवायचा करार झालेला. २००४ च्या ऑगस्टमध्ये कर्नेल सांभाळणाऱ्यांपैकी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी बंद भाग अडकवायची खुंटीच कर्नेलमधून काढली. नेमोसॉफ्टनं रागानं सगळा ड्रायव्हर मागे घेतला. हजारो लोकांचे कॅमेरे मधल्या मधे लटकले. त्यानंतर ल्युक सायार यांनी ती गुप्त रीत स्वतः शोधून काढली आणि ड्रायव्हर परत आला, या वेळी पूर्ण उघडा.

एवढा हट्ट कशाला, असं कुणी म्हणेल. चालत होतं ना?

नागभीड तालुक्यात तरी हा प्रश्न कुणी विचारू नये. याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ मध्ये आपल्या ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या. शाळा तिसरीपर्यंत, जमीन तुटपुंजी. वर्षामागून वर्षं निवड करत त्यांनी बारीक, चवदार धान तयार केलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बियाणं दिलं. १९९० च्या सुमाराला तळोधीच्या व्यापाऱ्यानं त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं. एचएमटी. घड्याळाचं नाव घराघरांत गेलं, माणसाचं राहिलं.

१९९४ मध्ये कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून बियाणं नेलं. १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावानं वाण बाजारात आलं. दादाजींच्या पदरी स्वामित्वधनाचा रुपया पडला नाही. पुरस्कार मिळाले, सत्कार झाले, फोर्ब्सच्या यादीत २०१० मध्ये नाव आलं, आणि उपचारांचा खर्च झेपेना अशा अवस्थेत ३ जून २०१८ ला ते गेले. शेतकऱ्यानं निवडलेल्या वाणावर त्याचा हक्क मानणारा कायदा २००१ चा. दादाजींचं धान तोवर कधीच शेताबाहेर गेलं होतं.

उघडं देणं चांगलंच. पण देताना अट लिहिलेली नसली की घेणारा घेऊन जातो आणि दार आतून लावतो. लिनक्सच्या कर्नेलवर जीपीएल हा परवाना आहे, त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. त्यातली अट एका वाक्याची: घे, बदल, वाट, पण बदललेलंही उघडंच ठेव. २००४ मध्ये खुंटी काढली ती याच अटीसाठी. झाडीपट्टीला या अटीची किंमत कळायला परवाना वाचावा लागत नाही.

आता चांगली बातमी, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. यूएसबी कॅमेऱ्यांची ही भानगड बरीचशी मिटलेली आहे. यूएसबीच्या संघटनेनं २००३ मध्ये यूव्हीसी हे प्रमाण आणलं. प्रमाण पाळणारा कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, एकाच रीतीनं बोलतो. लॉराँ पिंशार यांनी त्यासाठी यूव्हीसीव्हिडिओ हा एकच ड्रायव्हर लिहिला आणि २००८ मध्ये २.६.२६ कर्नेलपासून तो लिनक्समध्येच आहे. सीडी नको, डाउनलोड नको, इंटरनेटवरच्या अनोळखी माणसाची सूडो आज्ञा तर मुळीच नको. लावा आणि बोला.

म्हणजे बाजारातला बहुतेक साधा यूएसबी वेबकॅम लिनक्सवर लावल्या लावल्या चालतो. मग ‘चालत नाही’ हे वाक्य अजून का चालतं?

एक कारण आळस. दुसरं कारण मात्र खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून काही लॅपटॉपांत, विशेषतः महागड्या आणि सडपातळ लॅपटॉपांत, कॅमेरा यूएसबीवर राहिला नाही. सेन्सर थेट प्रोसेसरला जोडला आणि चित्रावरची सगळी प्रक्रिया आयपीयू६ नावाच्या भागाकडे दिली. त्या प्रक्रियेतला मोलाचा तुकडा पुन्हा बंद! २०२२ मध्ये क्रोआ-हार्टमन यांनी सरळ सांगितलं की असे लॅपटॉप घेऊ नका. २००४ मध्ये खुंटी काढणारे तेच ते. अठरा वर्षांत कंपन्यांनी एवढंच शिकावं?

वाट निघते आहे. पिंशार यांनी २०१८ मध्ये लिबकॅमेरा हा प्रकल्प सुरू केला. आयपीयू६ चा मूळ भाग २०२४ मध्ये ६.१० कर्नेलात आला. चित्र घडवायचं काम सॉफ्टवेअरनंच करायची सोय झाली, त्यातही हान्स दे खुदे आहेतच. जुनीच माणसं जुनंच ओझं वाहताहेत. तरीही असा लॅपटॉप आज कुणी घेतला असेल तर माझा सल्ला सरळ आहे: लिनक्सची नवी आवृत्ती टाकून बघा, तेवढ्यानं चालला तर उत्तम. नाहीतर साधा यूएसबी कॅमेरा लावा आणि मुलाखत द्या. लाखाच्या लॅपटॉपचा कॅमेरा अडतो आणि हजार-दोन हजारांचा चालतो, याची लाज लाखवाल्यानं बाळगावी.

हे सगळं टाळता येतं का? येतं. महाराष्ट्रात याचा पुरावा आहे, आणि तो कर्जतजवळच्या धनगरवाड्यातला आहे.

२००७ मध्ये तिथल्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातला त्यांचा पहिला प्रयोग. आत फेडोरा लिनक्स, झाकणात कॅमेरा. पोरांनी एकमेकांचे फोटो काढले, गाई-म्हशींचे काढले. ड्रायव्हर शोधायला कुणी मुंबईला गेलं नाही. कारण त्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर जोनाथन कॉर्बेट यांनी २००६ मध्येच लिहून ठेवला होता. कॉर्बेट कोण? लिनक्सच्या बातम्या देणाऱ्या एका साप्ताहिकाचे संपादक. इकडे डॉक्टर, तिकडे पत्रकार.

पण फरक बघा. फ्रेंच डॉक्टरला कॅमेरे विकून झाल्यावर पाठीमागून धावावं लागलं. धनगरवाड्याच्या बाबतीत लॅपटॉप बनवणाऱ्यांनी ड्रायव्हर आधी लिहून घेतला, लॅपटॉप नंतर वाटला. क्रम बदलला आणि कटकट संपली.

आपल्या सरकारी खरेदीत हा क्रम कुठे आहे? केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण २०१५ पासून आहे. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे संगणक ई-कोर्ट प्रकल्पात उबुंटूवर आले आणि त्यांच्यावरची खटल्यांची प्रणाली पुण्याच्या एनआयसीनं घडवली. ६ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं व्हिडिओ सुनावणीला देशभर आधार दिला. तारीख पे तारीख लिनक्सवर पडते, निकाल लिनक्सवर लागतो, आणि तालुक्याच्या दुकानात अजून सांगतात की लिनक्स सरकारी कामाला चालत नाही.

धोरण आहे, उदाहरण आहे, खरेदीच्या कागदावर मात्र ‘वेबकॅमसह लॅपटॉप’ एवढे दोन शब्द. तो कॅमेरा कुठला, कशाला जोडलेला, ड्रायव्हर उघडा की बंद, याबद्दल चकार शब्द नाही. पुरवठादार जे स्वस्त पडेल ते देतो. त्याला दोष कसा द्यायचा? विचारलंच नव्हतं.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीला, ग्रामसेवकाला, नगरपरिषदेला, सेवा केंद्र चालवणाऱ्याला आणि पोरासाठी लॅपटॉप घेणाऱ्या बापाला माझी कळकळीची विनंती आहे. मागणीच्या कागदावर एक ओळ वाढवा: ‘कॅमेरा यूव्हीसी प्रमाणाचा असावा आणि वेगळा ड्रायव्हर न टाकता लिनक्सवर चालून दाखवावा.’ या ओळीला पैसे पडत नाहीत. ही ओळ नागभीडच्या एका दुकानात एकदा आली तर दुकानदार दुर्लक्ष करेल. दहा जणांनी लिहिली तर तो नागपूरच्या ठोक विक्रेत्याला फोन करेल. बाजार असाच वळतो, भाषणांनी वळत नाही.

दुकानदारांनाही एक सांगणं आहे. फॉरमॅट मारणं ही दुरुस्ती नाही. गिऱ्हाइकाचं यंत्र हातात आलं की आधी एलएसयूएसबी बघा, मग डीमेसेज (dmesg) वाचा. कर्नेल त्यात काय झालं ते ओळीओळीनं लिहून ठेवतो. कॅमेरा सापडला की नाही, कुठल्या ड्रायव्हरनं घेतला, कुठे अडला. वाचायला लागणारा वेळ चहा निवण्याइतकाही नाही. नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी इथल्या चार-चार पोरांनी एवढं शिकून घेतलं तरी तालुक्यातली निम्मी यंत्रं भंगारापासून वाचतील, आणि त्या पोरांना गावातच काम मिळेल.

आणि स्वतः खरेदीला जाल तेव्हा खिशात एक पेनड्राइव्ह ठेवा. त्यावर उबुंटूची किंवा मिंटची नवी आवृत्ती घेऊन जा. ती काही न पुसता, काही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून सुरू होते. दुकानदाराला सांगा, यावरून लॅपटॉप चालू करून दाखवा. तो कुरकुर करेल, उशीर होतो म्हणेल, ‘चालते ना भाऊ, आमची गॅरंटी’ म्हणेल. ऐकून घ्या आणि कॅमेरा उघडायला लावा. चेहरा दिसला तर पैसे द्या. दिसला नाही तर लॅपटॉप काउंटरवरच ठेवा.